अक्काच्या तापाचा रिपोर्ट

नाना, तुम्ही गेल्यानंतर मी तुमच्याशी खूप बोलले, पण अक्काच्या तापाबद्दल कधीच नाही. आज तेच लिहायला बसले आहे.

धरणगावच्या आपल्या स्वयंपाकघरात सकाळी चहाच्या आधी स्टोव्हवर सुया उकळायच्या. काचेच्या सिरिंजा पातेल्याच्या तळाशी खडखडायच्या आणि अक्का, तुमची थोरली बहीण, माझी आत्या, भाकरीचं पीठ मळता मळता कुरकुरायची की या घरात पोटाआधी सुया शिजतात. तुम्ही कंपाउंडर होतात, पण डॉक्टर म्हातारे झाल्यावर दवाखाना तुम्हीच चालवलात. लोक तुमच्याकडेच यायचे. 'मना भाऊना हातले यश शे,' अक्का तिच्या अहिराणीत येईल त्याला सांगायची, भावाच्या हाताला यश आहे म्हणून. मला जळगावच्या कॉलेजात जंतुशास्त्राला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही पांढऱ्या पॉपलिनचा अ‍ॅप्रन शिवून आणलात. तो मला गुडघ्याखाली यायचा. 'वाढत्या अंगाचा आहे,' तुम्ही म्हणालात. मी अठरा वर्षांची होते, नाना, उंची वाढायची थांबली होती.

अक्काला ताप आला तेव्हा मी धुळ्याला एका लॅबमध्ये नोकरीला लागले होते. रविवारी एसटीनं घरी आले, तर ती आठ दिवसांच्या तापानं सुकून गेलेली, जिभेवर पांढरा थर. तुम्ही तिला टायफॉईडच्या कॅप्सूल देत होतात, क्लोरॅम्फेनिकॉलच्या, दर सहा तासांनी, घड्याळ लावून. त्याच कॅप्सूलनं तुम्ही अर्ध्या गावाचा टायफॉईड बरा केला होता. मी म्हटलं, रक्त घेते, जंतू वाढवून बघू कोणतं औषध लागू पडतंय. तुम्ही दवाखान्यातल्या चार पेशंटांसमोर म्हणालात, 'तू काल जन्मलीस. मी तीस वर्षं हा ताप बघतोय. आता काचेच्या ताटल्या मला शिकवणार?' बाकावरच्या बायका हसल्या. घरी येऊन अक्काचा दंड बांधला, रक्त घेतलं आणि बाटली पदराखाली धरून पाचच्या गाडीनं परत गेले. निघताना अक्का म्हणाली, 'त्याना राग धरू नको, बाई.'

जंतू वाढला. तो ताटलीवर पसरायचा आणि वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल उरतो, तिथं जंतू येत नाही. तुमच्या औषधाच्या चकतीभोवती गोल नव्हता. कडेला अगदी चिकटून जंतू वाढला होता. आणखी दोन नेहमीच्या औषधांचंही तेच. फक्त एका नव्या औषधाभोवती रुपयाएवढा गोल होता. चकत्या जुन्या झाल्या असतील म्हणून मी सगळं पुन्हा लावलं.

शुक्रवारी सकाळी तुमचा फोन आला. अक्काच्या पोटात आदल्या दिवशी कळ उठली, पोट दगडासारखं झालं, तिला जळगावला नेलं. आतड्याला भोक पडलं होतं. मी रिपोर्ट घेऊन तिथं पोचले. तिथल्या डॉक्टरांनी तो बघून नवं औषध सुरू केलं, ऑपरेशनही केलं. रविवारी ती गेली.

तेराव्यानंतर तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवून म्हणालात, 'आता नीट सांग, काय झालं.' मी सांगितलं. जंतूच्या पोटात प्रथिनं जोडायचं काम अखंड चालतं, तुमचं औषध नेमकं तिथं जाऊन बसतं, काम थांबतं, मग जंतू वाढत नाही. पण काही जंतूंकडे असं द्रव्य असतं की ते औषधाला एक तुकडा चिकटवून टाकतं. मग औषध जागेवर बसतच नाही. आणि ही कला एक जंतू शेजारच्याला देऊ शकतो, माणसाच्या पोटातल्या दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा. तुम्ही विचारलंत, 'त्यांना शिकवलं कोणी?' मी म्हटलं, कोणी शिकवत नाही. हजारात एखाद्याकडे ते असतंच. औषधानं बाकीचे मरतात, तो उरतो, आणि मग सगळी जागा त्याचीच.

तुम्ही म्हणालात, 'साध्या सर्दीलासुद्धा दोन-दोन दिवसांच्या कॅप्सूल दिल्या मी. लोक मागायचे. उरलेल्या डब्यात ठेवून पुढच्या तापाला घ्यायचे. मला माहीत होतं.' एका माणसानं हे होत नाही, नाना, हे मी तेव्हाही म्हटलं. गावोगाव हेच चाललं होतं. तुम्ही मान हलवलीत, पण त्यानंतर कोणाला सुई टोचली नाहीत. लोक दारात येऊन उभे राहायचे, आणि तुम्ही त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायचात. चार वर्षांनी हृदयविकारानं गेलात तेव्हा गाव म्हणालं, बहिणीच्या दुःखानं खचला. मला माहीत होतं की ते नुसतं दुःख नव्हतं.

त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही आणखी एक विचारलं होतंत. 'रिपोर्ट कधी हाती आला तुझ्या?' मी म्हटलं, शुक्रवारी.

बुधवारी आला होता, नाना. सकाळी अकराला. चकत्या जुन्या नव्हत्या, डबी त्याच आठवड्यात मी फोडली होती. दवाखान्याचा नंबर मी फिरवला, तुम्ही 'हॅलो' म्हणालात, आणि मला बाकावरच्या बायकांचं हसणं आठवलं. मी फोन ठेवला. म्हटलं, दुसऱ्यांदा तेच आलं की मग सांगू, मग तुम्हाला काही बोलता येणार नाही. बुधवारी सांगितलं असतं तर अक्का वाचली असती का, हे मी डॉक्टरांना पुढे आडून आडून विचारलं. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाहीही म्हणालं नाही.

तुम्ही चार वर्षं सगळं स्वतःच्या माथी घेऊन जगलात आणि मी दर महिन्याला येऊन तुमच्यासमोर जेवत होते. हे पत्र आता कुठे टाकणार? पण खरं सांगते, तुम्ही आज ओट्यावर बसलेले असतात, तरी मी ते तुमच्या हातात दिलं नसतं.