दिव्यानीची लस

नागपूर

चि. धनराजले मोठ्या बहिणीचा आशीर्वाद.

माही काळजी करू नको. कॅन्सरच्या दवाखान्यात मशीनचा शेक चालू आहे, भात पोटात टिकून राह्यला. धानाचा रोवणा झाला का?

फोनवर तू ऐकत नाई, म्हणून लिहून राह्यली. दिव्यानीच्या लसीसाठी आशाताई घरी आली, तर तू तिले म्हणाला, "आमची पोरगी तशी नाई."

मले झालेला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूनं होते, अन् ही लस त्याच विषाणूवरची आहे. डॉक्टरीणबाई म्हणे, तो नवऱ्याकडूनही येते अन् वर्षानुवर्षं अंगात लपून राह्यते. मले नवऱ्याबिगर दुसरा माणूस माहीत नाई. मग मी कशी होती, धनराज?

सोमवारी दिव्यानीले लस आहे. कागदावर तिच्या मायनं सही केली. तुले विचारत नाई, सांगून राह्यली.

तुही बाई,
भागीरथा