शिंप्याचं भूत आणि अकरा हुंकार

५ ऑगस्ट

ती. मावशीच्या चरणी सा. न. वि. वि.

मी बरी आहे, तू कशी आहेस हे कळत नाही, कारण तू फोन उचलत नाहीस आणि उचललास तरी दोन वाक्यांत ठेवतेस. म्हणून हे पत्र. पोस्टातल्या माणसाने तिकीट देताना माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी बैलगाडीतून उतरले होते.

काम चालू आहे. मुलांच्या हाडांच्या वॉर्डात सध्या अकरा जण आहेत. कुणाचा हात प्लास्टरमध्ये, कुणाच्या पायाला वजन टांगलेलं. सकाळभर मी त्यांचे गुडघे नि कोपर वाकवते आणि शिव्याशाप खाते. दुपारी तीन ते चार भेटायला येणाऱ्यांना बंदी असते, तेव्हा ही मुलं नुसती छताकडे बघत पडतात. मोबाइल हातात असतो, पण एक हात बांधलेला आणि पाठ पलंगाला चिकटलेली असली की त्याचाही कंटाळा येतो.

परवा सहज मी शिंप्याच्या भुताची गोष्ट सुरू केली. कोटाची एक बाही शिवायची राहिली आणि शिंपी मेला, मग त्याचं भूत ती सुटी बाही घेऊन दारोदार फिरतं. अकराच्या अकरा जण गप्प झाले. कोपऱ्यातल्या पलंगावर एक सात वर्षांची मुलगी आहे, पाय वर टांगलेला, आवाज बारीक, सगळे तिला चिमणी म्हणतात. तिने विचारलं, पुढे काय झालं? आणि मावशी, मला तिसऱ्या दारापुढचं काही आठवेना. लहानपणी मी नेहमी तिसऱ्या दारातच झोपून जायचे ना. रोज मुलं विचारतात, मी रोज काहीतरी थापा मारते. तेवढी गोष्ट लिहून पाठव.

खोलीवर आले की कुलूप उघडताना वाटतं, दिवसभर इतकं बोलले, पण स्वतःचं असं काहीच बोलले नाही. असो. तू तरी लिही.

तुझी लाडकी (असं मी धरून चालते),
खारू

१४ ऑगस्ट

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं, कारण दुसरं वाचायला काही नव्हतं. लाडकी आहेस की नाही ते तुझ्या वागण्यावर ठरेल.

गोष्ट लिहून मिळणार नाही. माझ्या आईचा, म्हणजे तुझ्या आजीचा, नियम तुला ठाऊक आहे. गोष्ट तोंडाने सांगायची, सांगणाऱ्याने डोळे मिटायचे आणि ऐकणाऱ्याने दर वाक्याला हं म्हणायचं. एक हं चुकला तर माफ, लागोपाठ दोन चुकले तर सांगणाऱ्याने उठून जायचं. कागद हं म्हणत नाही. शिवाय भुताची गोष्ट अर्धी सोडली की ते भूत सांगणाऱ्याच्या घरी मुक्कामाला येतं, असंही ती म्हणायची. तू ती तिसऱ्या दारात सोडली आहेस, तेव्हा तुझ्या खोलीत आता शिंपी असेल. काही उसवलं असेल तर शिवून घे.

फोनचं म्हणशील तर तो बिघडला आहे. आवाज आल्यासारखा होतो आणि मध्येच पाण्यात बुडतो. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा फोन उत्तम आहे म्हणाला. मी त्याची चांगली खरडपट्टी काढली.

तुझे काका जाऊन आठ महिने झाले. डेपोत चाळीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहिणारा माणूस, घरातही त्यांच्या चहावर घड्याळ लावावं असा. पेपर वाचतानाही माझ्या गोष्टीला त्यांचा हं कधी चुकला नाही. आता दुपार फार लांब होते. खिडकीजवळची त्यांची खाट अजून हलवली नाही. हलवून ठेवू कुठे?

जेवत जा. तुझ्या अक्षरावरून तू जेवत नाहीस असं दिसतं.

तुझी मावशी

२३ ऑगस्ट

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझा नियम मान्य. म्हणून मी एक बेत केला आहे आणि तू नाही म्हणायचं नाहीस. येत्या रविवारनंतरच्या रविवारी दुपारी बरोबर तीन वाजता मी फोन करीन. आमच्या सिस्टरबाईंनी वॉर्डाच्या मधोमध टेबल ठेवून त्यावर मोठा स्पीकर लावायचं कबूल केलं आहे. तू तिकडून सांग, मुलं इकडून हं म्हणतील. चार दिवस मी त्यांची तालीम घेते आहे. पहिल्या दिवशी त्यांनी एवढ्या जोरात हं केलं की शेजारच्या वॉर्डातले डॉक्टर काय झालं म्हणून बघायला आले.

हे मी मुलांसाठी करते आहे असं मी सगळ्यांना सांगते. खरं सांगायचं तर मलाच तुझा आवाज ऐकायचा आहे. या शहरात मला दोन वर्षं झाली, पण खारू म्हणून हाक मारणारं इथे कुणी नाही.

फोन नीट करून घे. दुरुस्तीवाल्याला मारू नकोस.

तुझी वाट पाहणारी
खारू

४ सप्टेंबर

चि. खारूस आशीर्वाद.

तुझ्यावर रागवायचं नाही असं ठरवून बसले आहे, पण जमेल असं वाटत नाही. रविवारी मी दोन वाजल्यापासून फोनजवळ बसले होते. चांगली साडी नेसले, फोनवर दिसत नाही हे माहीत असून. तुझा फोन आला, मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिलं वाक्य सांगितलं, थांबले. काही नाही. म्हटलं, मुलं आहेत, एक चुकला तर माफ. दुसरं वाक्य सांगितलं. काही नाही. नियम मोडून तिसरंही सांगितलं. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं झालं. मग मी फोन ठेवला.

मुलांना नसेल आवडलं तर तसं सांगायचं. म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून बसवून ठेवायचं हे बरं नाही. पुन्हा मला गोष्ट सांग म्हणू नकोस. माझं सांगणं संपलं आहे, हे मला आधीच कळलं होतं.

मावशी

९ सप्टेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

हे पत्र मी वॉर्डातच लिहिते आहे, समोर मुलं आहेत, त्यामुळे खोटं लिहायची सोय नाही.

मावशी, त्यांनी हं म्हटलं होतं. पहिल्या वाक्याला अकरा जणांनी, दुसऱ्याला अकरा जणांनी आणि तू थांबलीस तेव्हा त्यांना वाटलं आपला आवाज कमी पडला, म्हणून तिसऱ्याला तर खिडकीची काच हलली. मग तू फोन ठेवलास. चिमणीने विचारलं, आजी रागावली का?

तेव्हापासून मी विचार करते आहे. फोन उत्तम आहे असं दुरुस्तीवाला दोनदा म्हणाला. गेल्या भेटीत मी दार वाजवत अर्धा तास बाहेर उभी होते आणि तू आत भाजी निवडत बसली होतीस. तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही. मी तुला सरळ विचारते, तूही सरळ सांग. तुला ऐकायला कमी येतं का? कधीपासून?

कान तपासता येतात. माझ्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते काम चालतं. यात लाजण्यासारखं काही नाही. मी रागावलेली नाही. मी घाबरले आहे.

तुझी
खारू

१७ सप्टेंबर

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पाच दिवस लागले. रोज कागद घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

होय, कमी येतं. दीड वर्ष तरी झालं असेल. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दार, मग फोन. मी लोकांच्या ओठांकडे बघून वेळ मारून नेते. वाण्याला वाटतं मी फार लक्ष देऊन ऐकते. जवळचं तरी येतं असं मी धरून होते. कुणाला सांगितलं नाही. ऐकू येत नाही म्हटलं की लोक आधी मोठ्याने बोलतात आणि नंतर बोलायचंच सोडतात.

पण मी पाच दिवस बसले होते ते त्यासाठी नाही. तू लिहिलंस की अकरा मुलं ओरडत होती आणि मला काही ऐकू आलं नाही. ते वाचलं आणि मी काकांच्या खाटेशी जाऊन बसले.

काकांच्या शेवटच्या महिन्यात त्यांचा आवाज अगदी बसला होता. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना सगळं समजतं, बोलत राहा. मी रोज दुपारी त्यांच्या खाटेशी बसून, त्यांचा हात हातात घेऊन, शिंप्याच्या भुताची गोष्ट सांगायचे. ती त्यांची आवडती. डोळे मिटल्याशिवाय मला गोष्ट दिसत नाही, म्हणून डोळे मिटून सांगायचे. हं येत नव्हता. वर तेव्हा त्यांना सारखी तहान लागायची. एक वाक्य झालं की माझा हात दाबायचे, मी उठून पाणी द्यायचे, ते घोटभर प्यायचे, की पुन्हा बसायचं. असं करत पाचव्या दारापर्यंत आलो. त्या दिवशी मी चिडले. म्हटलं, पस्तीस वर्षं हं म्हणालात, आता कंटाळा आला असेल तर तसं सांगा. आणि उठले. चार दिवसांनी ते गेले. गोष्ट पाचव्या दारात राहिली.

नऊ महिने मी मनात धरून आहे की या माणसाने शेवटी शेवटी माझं ऐकायचं सोडलं. आता तू म्हणतेस की ऐकू मलाच येत नव्हतं. मग ते हं म्हणत होते का, खारू? बसलेल्या आवाजात, रोज, दर वाक्याला? आणि मी त्यांना बोलून उठून गेले? हे आता कुणाला विचारू?

मावशी

२४ सप्टेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सोबत बसचं तिकीट पाठवते आहे, शनिवारचं, खिडकीजवळचं. मी थांब्यावर उभी असेन. कान तपासायची वेळ घेतली आहे, पण त्याआधी वॉर्डात यायचं. मुलांना मी खरं ते सांगितलं आहे. चिमणी म्हणाली, मग आजीला आपलं हं कसं कळणार? तू डोळे मिटून सांगतेस हेही मी सांगितलं. ती बराच वेळ विचार करत होती. आता म्हणते, तिने युक्ती काढली आहे, पण मला सांगणार नाही.

काकांबद्दल मी काय लिहू? मला ठाऊक नाही. ठाऊक असल्याचा आव आणून तुला बरं वाटेल असं काही लिहिलं तर तू ओळखशील. तू ये. माझ्या खोलीत दोन माणसं मावतात. शिंपी धरून तीन.

तुझी
खारू

८ ऑक्टोबर

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तुझ्या डब्यातलं सगळं संपवलं. कानातलं यंत्र पुढच्या महिन्यात मिळेल म्हणतात, तोवर वाण्याच्या ओठांवर काम चालू आहे.

मी त्या दुपारी गोष्ट संपवून एकदम बाहेर गेले आणि व्हरांड्यात बराच वेळ उभी राहिले. तू विचारलंस तेव्हा दमले म्हणाले. दमले नव्हते. तेव्हा बोलता येत नव्हतं, आता लिहिते.

चिमणीने मला आपल्या पलंगाशी बसवलं, माझा हात स्वतःच्या हातात घेतला आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं, हे तू पाहिलंसच. मी डोळे मिटले. पहिलं वाक्य सांगितलं, आणि तिने माझा हात दाबला. दुसरं सांगितलं, पुन्हा दाबला. सगळ्यांच्या वतीने ती एकटी हं पोचवत होती. मी पुढे सांगत गेले, पण खारू, तिसऱ्या वाक्याला मला कळलं. तो दाब मी ओळखला. हलकेच, वाक्य संपलं की लगेच, आधीही नाही आणि उशिरानेही नाही. महिनाभर रोज दुपारी तो माझ्या हाताला लागत होता.

त्यांना तहान लागली नव्हती. आवाज मला पोचत नाही हे माझ्याआधी त्यांच्या लक्षात आलं असणार. ते हाताने हं म्हणत होते. आणि मी दर वेळी उठून पाणी देत होते, आणि मला वाईट वाटू नये म्हणून ते दर वेळी पीत होते.

तरी मी सातव्या दारापर्यंत सांगितली. सहा दारांत लोक आपापले हात बघून आमची नाही ही बाही म्हणतात आणि दार लावून घेतात. सातव्या दारातली म्हातारी कुणाची म्हणून विचारतच नाही. ती बाहीत हात घालते आणि म्हणते, छान शिवली आहेस, बस जरा. इतक्या दारांत त्याला बस असं कुणी म्हटलेलं नसतं. तो बसतो, बाही कोटाला जोडतो आणि मग दिसेनासा होतो. चिमणीने तेव्हा माझा हात इतका दाबला की अजून दुखतो आहे.

काल दुपारी मी खाटेशी खुर्ची घेऊन बसले. जिथे त्यांचा हात असायचा तिथे हात ठेवला, डोळे मिटले आणि पाचव्या दारापासून पुढची गोष्ट सांगितली. बस जरा, हेही सांगितलं. घरात अगदी शांत होतं. पाण्याचा ग्लास शेजारीच भरून ठेवला होता. या वेळी मी मध्ये एकदाही उठले नाही.

माया असू दे. पत्र वाचताना दर वाक्याला हं म्हणत जा, मला ऐकू आलं नाही तरी.

तुझी मावशी