सिंगापूरने खुर्चीला केलेला नमस्कार

गोरेगाव (ता. सेनगाव)
मंगळवार, फेब्रुवारी २००९

तीर्थस्वरूप दादांच्या पायांवर धाकट्या नामाजीचं डोकं.

वहिनींचा गुडघा कसा आहे? मागे पाठवलेलं तेल लावताय ना, की तुमच्या हनुमानने ते मोटारसायकलच्या साखळीला घातलं? (त्याचा भरवसा नाही. पुण्यात राहून पोरं सगळ्या तेलांना एकच समजतात.) तुमचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे. आम्ही इकडे मजेत आहोत. गिरणीचा पट्टा तुटला होता, तो बसवला. काळी शेळी व्याली, दोन करडं दिली, दोन्ही तुमच्यासारखी गंभीर आहेत. ज्वारी बरी आहे.

फोन असताना हा नामाजी पत्र कशाला लिहितो, असं तुमच्या मनात आलं असेल. फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता, आणि तुमचं ‘हं’ ऐकलं की मी लहानपणापासून पुढचं बोलणं विसरतो. पत्रात ‘हं’ ऐकू येत नाही. शिवाय रविवारी काय झालं ते तुम्हाला कळायलाच पाहिजे, कारण दादा, तुम्ही तिथे होतात आणि तरीही तुम्हाला त्यातलं काहीच माहीत नाही. असं कसं होतं ते सांगतो. माझा तर अजून पाय जमिनीवर ठरत नाही. आपल्या सात पिढ्यांनी मेंढरं हाकली, आणि मी रविवारी हिंगोलीत बसून एका वेळी पुणं आणि सिंगापूर दोन्ही समोर बसवली.

(गावातले म्हातारे अजून शिंगणापूरच म्हणतात. आपला शिवप्रसाद तीन वर्षांपासून शिंगणापूरला आहे आणि एकदाही प्रसाद पाठवला नाही, अशी चतुराबाईची तक्रार आहे. मी आता समजावणं सोडलं.)

तर शिवप्रसादला मुलगी झाली हे तुम्हाला ठाऊकच आहे. अंजली नाव ठेवलं. त्याने फोटोही पाठवला होता. हिंगोलीला रूपसिंगचं नेट कॅफे आहे, तिथे तो छापून घेतला, तर मशीनची शाई संपत आलेली. लेकरू निळं निघालं. नाक कुठे आहे ते बोटाने दाखवावं लागत होतं. चांगुणाने तो कागद दोन-तीनदा उजेडात धरून पाहिला आणि घडी करून डब्यात ठेवून दिला. त्या दिवसापासून तिचं एकच सुरू झालं की मला लेकरू हलताना बघायचंय. सकाळी भाकरी थापताना तेच, शेळीला पाणी दाखवताना तेच. सून मोहिनी फोनवर बाळाचं रडणं ऐकवायची, तर ही म्हणायची, आवाज तर करडाचाही असाच येतो.

म्हणून मी शिवप्रसादला विचारलं, आणि तो म्हणाला की कम्प्युटरवर समोरासमोर बोलता येतं, आणि आता तर दोन-तीन ठिकाणची माणसं एकदम दिसतात. हे ‘एकदम’ ऐकलं आणि माझ्या डोक्यात तुम्ही आलात. घरातले थोरले तुम्ही. तुम्हाला सोडून घरातलं पहिलं नातवंड आम्ही कसं बघावं? (आणि खरं सांगायचं तर मला तुम्हाला दाखवायचंही होतं की नामाजीसुद्धा असली कामं करतो.) मी तिथल्या तिथे ठरवलं, तिघं एकदम. चांगुणाला मात्र एवढंच सांगितलं की लेकरू दिसणार आहे. तुमचं सांगायचं राहून गेलं.

रविवारी गिरणी बंद ठेवली. दारावर खडूने लिहिलं, ‘सिंगापूरशी बोलायला गेलो आहे. दळण उद्या.’ लोक दळणाचे डबे खाली ठेवून ते वाचत उभे राहिले. चांगुणाने लग्नकार्यातलं लुगडं काढलं. पदराच्या टोकाला मीठ-मोहऱ्या बांधल्या, कारण पहिल्यांदा बघणार म्हणजे दृष्ट काढावी लागणार. मी म्हणालो, अगं कम्प्युटरची दृष्ट काढशील का? तर म्हणाली, लेकरू त्यात असलं तर त्याचीच काढीन. जीपमध्ये आम्हाला पुढची जागा मिळाली, ड्रायव्हरच्या आणि गिअरच्या मध्ये, म्हणजे गिअर बदलताना प्रत्येक वेळी माझी परवानगी घ्यावी लागत होती. तरीही मी हिंगोलीपर्यंत सगळ्या जीपला समजावून सांगितलं की चित्र तारेतून कसं येतं. मला ते माहीत नाही, पण गिरणीत दाणे एकीकडून जातात आणि पीठ दुसरीकडून येतं, तसंच असणार.

रूपसिंगच्या दुकानात प्लायवुडचे कप्पे केले आहेत. एका कप्प्यात एक टेबल, एक खुर्ची आणि उरलेल्या जागेत मनुष्याने श्वास घ्यायचा. चांगुणाला खुर्चीवर बसवलं, मी मागे उभा. पडद्यावर आधी आम्हीच दिसलो, कोपऱ्यातल्या बारक्या चौकटीत. चांगुणाने स्वतःला पाहिलं, पदर नीट केला, कुंकू पाहिलं आणि लाजली. रूपसिंग म्हणाला, झालं आता, एक-एक जण येतील. ती इतकी पुढे वाकली की नाक काचेला लागायचं राहिलं. दादा, तिचं तोंड असं मी आपल्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. म्हणजे माझ्या आणि तिच्या लग्नानंतर.

आणि चौकट उघडली, आणि त्यात तुम्ही आलात.

सिंगापूरच्या आधी पुणं लागलं, याला कोणाचा इलाज नाही. चष्मा कपाळावर, मान वर, तोंड थोडं उघडं, असे तुम्ही अख्ख्या चौकटीत भरून बसलात. आता तुम्ही माझे थोरले भाऊ म्हणजे तिचे भाया. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तुमच्यापुढे कधी उभी राहिली नाही, खुर्चीवर बसणं तर सोडाच. तुम्ही ओसरीवर असलात की ती दाराआड, आणि तुमच्याशी बोलायचं तर ‘म्हणावं, चहा ठेवलाय’ असं माझ्या किंवा भिंतीच्या मार्फत. तुम्ही पुण्याला गेलात तरी दिवाळीला आलात की तोच कायदा. मी हे सगळं जाणतो, पण कम्प्युटरला हा कायदा लागू होईल असं माझ्या मनातही आलं नाही. मी ‘दादा, नमस्कार’ म्हणेपर्यंत खुर्ची रिकामी झाली होती.

मला वाटलं बाहेर पळाली. पण बाहेर जायला माझ्या अंगावरून जावं लागलं असतं. खाली पाहिलं तर चांगुणा टेबलाखाली, कम्प्युटरच्या डब्याशेजारी, डोक्यावरून पदर ओढून बसलेली. रूपसिंगने वाकून समजावलं की मावशी, बाजूला बसा, तिथून तुम्ही दिसणार न्हाई. तर ती म्हणाली, मला ते दिसून राहिलेत म्हणजे त्यांना मी दिसणारच. रूपसिंग डोकं खाजवत उभा राहिला, आणि त्याने नांदेडला कोर्स केलेला आहे.

तेवढ्यात सिंगापूर लागलं. शिवप्रसाद, बाजूला मोहिनी, तिच्या मांडीवर गुलाबी गुंडाळी. मी इतका जोरात ‘शिवप्रसाद’ म्हणून ओरडलो की शेजारच्या कप्प्यात नोकरीचा अर्ज भरणाऱ्या माणसाने माझ्या मुलाचं नाव आपल्या रकान्यात लिहिलं. (नंतर भांडायला आला होता.) शिवप्रसादने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “आबा, आई काहून दिसून नाही राहिली?”

मी म्हणालो आहे, इथेच आहे. टेबलाखालून आवाज आला, म्हणावं, बरी आहे. शिवप्रसाद म्हणाला, आवाज येऊन राहिला पण खुर्ची रिकामी दिसते. खालून आवाज आला, म्हणावं, लेकराला तीट लावली का? मी तेच वर सांगितलं. वरून मोहिनीने जे सांगितलं ते मी खाली सांगितलं. म्हणावं, टाळू भरते का. म्हणावं, कुशीवर वळते का. असा मी वाकून आणि उठून, उठून आणि वाकून सिंगापूर आणि टेबल यांचं टपाल वाहत होतो, आणि माझी कंबर अजून तेल मागते. मी दोनदा तिला म्हणालो की अगं एकदा वर डोकं काढ, नात बघ. तिने माझा पायजमा धरून ठेवला आणि मान हलवली. लेकरू मध्येच रडलं. खाली पदरात हुंदका की हसू काय झालं ते मला कळलं नाही.

शेवटी मोहिनी म्हणाली, आत्याबाईंच्या पाया पडायचं राहिलं. तिने अंजलीला दोन्ही हातांवर घेतलं आणि तिचं डोकं पडद्यासमोर वाकवलं. मग ती आणि शिवप्रसाद दोघंही वाकले. अख्ख्या सिंगापूरने एका रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला, दादा. मला हसू आलं आणि माझे डोळेही भरले, दोन्ही एकदम. मी खाली सांगितलं की पाया पडून राहिलेत. चांगुणाने आशीर्वाद द्यायला हात वर केला, तो टेबलाला लागला, ती दचकून सरकली, आणि तिच्या कोपराने भिंतीतली पिन निघाली. पडदा काळा. मी भारनियमनाला अस्सल शिव्या दिल्या, पण वर पंखा फिरत होता.

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागे बसलो. सेनगाव आलं. मग तिने विचारलं, “कोणावर गेलंय वो लेकरू?”

आणि दादा, लेकराचं तोंड मी नीट पाहिलंच नव्हतं. वेळ मिळेल तेव्हा मी कोपऱ्यातल्या चौकटीत स्वतःलाच पाहत होतो, टोपी नीट दिसते की नाही ते. मी म्हणालो, आपल्यावरच. ती म्हणाली, आपल्यावर म्हणजे कोणावर? मी खिडकीबाहेर तुरीचं पीक पाहू लागलो. घरी येऊन तिने पदराची गाठ सोडली आणि मीठ-मोहऱ्या परत डब्यात टाकल्या. ते मला पाहवलं नाही.

पण खरी कमाल पुढेच आहे. सोमवारी तुमच्या हनुमानचा फोन आला. म्हणाला, काका, काल आमचं नेट सुरुवातीलाच अडकलं, काही दिसेना, बाबा कंटाळून लगेच उठले आणि भाजी आणायला गेले. म्हणजे आमच्या पडद्यावर तुमचं नुसतं चित्र राहिलं होतं. मला वाटत होतं दादा काय एकाग्र होऊन बघताहेत, एवढा मोठा माणूस, पापणीही हलवत नाही. तिकडे तुम्ही मेथी निवडून घेत होतात आणि इकडे चांगुणा तुमच्या चित्रापुढे टेबलाखाली बसली होती. मी हसत हसत स्वयंपाकघरात जाऊन तिला सांगितलं की भाया नव्हतेच. वाटलं, चिडेल, निदान कपाळावर हात मारेल. तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि म्हणाली, “नसले म्हून काय झालं, दिसून तर राहिले होते.”

तर असा झकास कार्यक्रम झाला. विज्ञानाने जग जवळ आणलं यात शंका नाही. वहिनींना नमस्कार, हनुमानला आशीर्वाद आणि चांगलं नेट.

तुमचा धाकटा,
नामाजी

ता. क. : येत्या रविवारी परत जमवलं आहे. खरं तर त्यासाठीच हे पत्र. मी आधी असं योजलं होतं की त्या वेळेपुरती तुमच्याकडची लाईट घालवा. हिंगोलीची जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, एकदा पुण्याची गेली तर काय बिघडतं? पण हे मी चांगुणाजवळ बोलून बसलो. ती पहिल्यांदाच माझ्यावर खवळली. म्हणाली, “भायाला उठवून लेकरू बघू व्हय मी? घरातलं थोरलं माणूस हाय ते.” तेव्हा लाईट राहू द्या. तुम्ही या, समोर बसा. फक्त एक करा. इतक्या वर्षांत तुम्ही तिच्याशी थेट शब्द बोलला नाहीत, बोलायचा रिवाजच नाही, हे मला समजतं. पण माझं ती ऐकत नाही, शिवप्रसादचं ऐकणार नाही. तुमचा शब्द मोडणार नाही. तुम्ही आपल्या तोंडाने एवढंच म्हणा, ‘चांगुणा, खुर्चीवर बस आणि लेकरू बघ.’ वर मी झकास कार्यक्रम असं लिहिलं आहे ते खोडून समजा. तिने नात पाहिलेली नाही, दादा.

ता. क. दुसरा : हे पत्र पेटीत टाकायला निघालो आणि चप्पल घ्यायला परत आत आलो. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली गिरणीतली लोखंडी खुर्ची चांगुणाने घरात ओढून आणली होती. भिंतीवर तुमचा तो रिटायर झाल्याचा हारातला फोटो आहे ना, त्याच्यासमोर ठेवली होती. डोक्यावर पदर, हात मांडीवर, आणि ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. फोटोकडे एकदा पाहिलं आणि उठून उभी राहिली. परत बसली. परत उठली. मी चप्पल न घेताच बाहेर आलो. तर रविवारी एकदा सांगून ती नाही बसली, तर रागावू नका. परत एकदा म्हणा.