बाबांनी बांधलेली जाळी

ती. दादास,

ऑइलने काळ्या झालेल्या हातांचा नमस्कार. (साबणाने निघत नाही. कागदावरचे डाग माझ्या अंगठ्यांचे आहेत, गैरसमज नसावा.) तुझं ब्लडप्रेशर आणि वहिनीची कंबर ताळ्यावर असावी. आई बरी आहे म्हणायची; बाबा गेल्यापासून घराबाहेर मात्र पडत नाही.

बाबांची पिकअप बघायला गिऱ्हाईक रविवारी येणार, तोवर इंजिन तापायचं थांबव, ही तुझी आज्ञा मानून मी पंधरा दिवस जिवाचं रान केलं. उपयोग शून्य. थंडीत गुणी असलेली गाडी ऊन वाढलं तशी बिघडली. दहा मिनिटांत काटा लाल रेघेवर आणि बॉनेटमधून वाफ. पहिल्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्याने पाण्याचा पंप बदलला आणि पहिल्याला नावं ठेवली. शेजारचा शिंपी (त्याला गाड्यांतलं काही कळत नाही, पण मला तरी कुठे कळतं) म्हणाला, हीटर लाव, इंजिनची उष्णता आत येईल. ते मात्र खरं निघालं. भर उन्हात हीटर लावून एका बाईंकडे कपाट पोचवायला गेलो, तर माझा चेहरा बघून त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग हळूच विचारलं, घरी कोणी गेलं का? मी म्हटलं, घाम आहे. (बराचसा घामच होता.)

तिसरा मेकॅनिक पुढची जाळी काढून रेडिएटर बघू म्हणाला, तिथे मी आडवा आलो. ती जाळी बाबांनी स्वतःच्या हाताने तारेने बांधलेली, आणि गाडीतलं त्यांचं काहीही हलवायचं नाही असं आपलं चार महिन्यांपूर्वी ठरलंय. त्यांचा चष्मासुद्धा अजून डॅशबोर्डवर आहे. मग गाडी काचेच्या कपाटात ठेवा, असं म्हणून तो निघून गेला. तेव्हा दादा, मी हरलो. तुझंच बरोबर, विकून मोकळे होऊ.

तुझा धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात आई पक्कड घेऊन बाहेर आली. म्हणाली, "गाठी ते मारायचे, सोडवायच्या मी. सरक." दोन मिनिटांत जाळी खाली. आत रेडिएटरसमोर हा एवढा पुठ्ठा. थंडीत इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून बाबा दर वर्षी लावत असणार. आपल्याला कधी बोलले नाहीत. वारा आत जायला वाटच नव्हती. पुठ्ठ्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, 'थंडी संपली की काढणे.' (जाळीच्या आत लिहिलं, वाचणार कोण?) थंडी संपली तेव्हा ते नव्हते. मी तिथेच फुटपाथवर बसून रडलो, आणि मला उठवायच्या भानगडीत न पडता आई शेजारी बसली.

आणखी एक ता. क. काटा आता मध्यावरून हलत नाही. आई माझ्या शेजारी बसून थेट पुलापर्यंत फिरून आली. परतताना तिने विचारलं, "रविवारी कोण येणार आहे रे?" मी म्हटलं, कोणी नाही. तेव्हा दादा, पत्र मिळताच गिऱ्हाइकाला फोन कर आणि सांग की इंजिन भयंकर तापतं. मी सांगितलं तर खोटं वाटेल; तुझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात.