फळीवरची पाच ताटं

केज,
१२ डिसेंबर २०२४

चि. सौ. तेजश्री हिस,

उत्तरेश्वरमामाचे अनेक आशीर्वाद. त्यातलेच युवराज, धनश्री आणि बाळाला वाटून दे. फोनवर तू नुसतं हो-हो करतेस आणि मधेच आवाज तुटतो, म्हणून मुकादमाच्या पत्त्यावर लिहितो. पत्र दोनदा वाचता येतं.

बातमी अशी, की ओढ्याकाठच्या आपल्या वस्तीसाठी नगरपंचायतीनं बांधायला घेतलेली इमारत पुरी झाली. खाली एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी बारा खोल्या, वरच्या दोन मजल्यांवर कुटुंबांसाठी दोन-दोन खोल्यांची चोवीस घरं. भाडं ज्याच्या त्याच्या मिळकतीच्या बेतानं. वाटप झालं की वस्तीतली पत्र्याची घरं पाडणार. कुणाला काय द्यायचं ते ठरवायला समिती नेमली, आणि तिनं घरोघरच्या पाहणीचं काम मला दिलं. मी सातवी पास मिस्त्री, पण नकाशा वाचायला मला कुणी शिकवलं नाही, माझा मीच शिकलो. खालच्या खोल्यांना चार इंचाचा उंबरा होता. म्हाताऱ्या पायांना तो नको, हे इंजिनिअरसाहेबांना मीच दाखवलं. काढला त्यांनी.

आठ दिवसांत एकशे चाळीस घरं माझ्या टेपनं मोजली. तुमचं घर अकरा फूट चार इंच बाय नऊ फूट दोन इंच. तू बारा बाय दहा सांगत फिरतेस, ते बंद कर. आक्का लसूण सोलत बसली होती. मी फॉर्मवर लिहिलं, वय अडुसष्ट, एकटी. खालची खोली तिला मिळाल्यातच जमा. गुडघ्याचा त्रास वाचेल.

तुझ्या सासूची काळजी नको, ती माझी थोरली बहीण आहे. उत्तर धाड, आणि अक्षर जरा मोठं काढ.

तुमचा,
मामा


ऊसतोडीचा तळ, कराडजवळ,
२३ डिसेंबर २०२४

ती. उत्तरेश्वरमामांस,

तेजश्रीचा शि. सा. न. वि. वि. अक्षर मोठं काढलंय, बघा.

इकडं थंडी लई पडलीय. पहाटे पाचटाच्या कोपीच्या आत पाण्याला हात लावू वाटत नाही. बाळ बरं आहे. तुमचं पत्र आमच्या थोरल्या लेकीनं, धनश्रीनं, सगळ्या टोळीला वाचून दाखवलं. उंबऱ्याचं ऐकून हे हसले, म्हणाले, मामा स्वर्गात गेले तरी आधी दाराची चौकट मोजतील.

मामा, एक विचारते, राग धरू नका. आत्याबाई एकट्या कावून लिहिल्या? एप्रिलात आम्ही चौघं येणार. खालची खोली एका माणसाचीच ना? आणि पत्र्याचं घर पाडल्यावर आम्ही उतरायचं कुठं? दाराच्या उजव्या हाताला फळी आहे. चांगली स्टीलची ताटं मी तिथंच पालथी घालून आले, चार मोठी, एक छोटं. इकडं जर्मलच्या ताटांवर भागवतो. तुम्ही फळीसुद्धा मोजली असेल. ताटं दिसली नाहीत का?

हे म्हणत होते विचारू नको, मामाला वाईट वाटेल. मी विचारलं.

माया आहे तशी ठेवा.

तुमची,
तेजश्री


केज,
४ जानेवारी २०२५

चि. सौ. तेजश्री हिस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मला राग आला, तो आधी लिहून टाकतो. फॉर्मवर रकाना होता, सध्या राहणारी माणसं. सध्या म्हणजे सध्या. असं खरमरीत उत्तर मी लिहिलं आणि पाकीटही बंद केलं.

मग यादी लागली. खालच्या खोल्यांच्या यादीत आक्का तिसरी. तिला खोली दाखवायला नेलं तर तिनं नळ तीनदा उघडला, तीनदा बंद केला, आणि माझ्याकडं बघून हसली. परत घरी सोडलं तेव्हा मी फळीकडं बघितलं. पाच ताटं. धुळीचा कण नाही. विचारलं तर म्हणाली, रोज पुसते. घरी येऊन पाकीट फाडलं.

फॉर्मच्या नकला माझ्याकडं आहेत. सव्वीस ठिकाणी मी 'एकटे' लिहिलंय आणि एकतीस ठिकाणी 'कुलूप'. पुन्हा सगळी वस्ती फिरलो. सव्वीसातल्या एकोणीस जणांची लेकरं तुमच्यासारखीच तोडीला गेलेली. कुलूपवाले तर घरच्या सगळ्यांसकट गेलेत, ते कुठल्याच यादीत नाहीत. अक्षर माझंच, चांगलं वळणदार. बीड जिल्ह्यात जन्मून मी डिसेंबरात माणसं मोजायला निघालो.

हरकत घ्यायला वीस तारखेपर्यंत मुदत आहे. घेतली तर आक्काचं नाव खालून जाईल आणि तुमच्याबरोबर कुटुंबांच्या चिठ्ठ्यांत पडेल. घर मिळेल का, मिळालं तर कितव्या मजल्यावर, कुणी सांगावं. नाही घेतली तर तिची खोली पक्की आणि तुम्ही चौघं उघड्यावर. तुम्ही दोघं सांगाल तसं करतो.

मामा


तळावरून,
१२ जानेवारी २०२५

ती. मामांस,

शि. सा. न. वि. वि. आम्ही दोघांनी ठरवलं. आत्याबाईंची खोली हलवू नका. जन्मात पहिल्यांदा त्यांना घरात नळ मिळतोय. आम्ही पाल ठोकून राहू, सहा महिने इथं तेच तर करतो.

पण कुलुपांचं तेवढं समितीला सांगा. त्यात सुनिताचं घर आहे. ती इथं शेजारच्या कोपीत आहे. तिला अजून सांगितलं नाही. भाकऱ्या थापताना ती नव्या घराला कुठला रंग द्यायचा ते सांगत असते.

लेकीसारखी समजता तशीच समजा.

तेजश्री


केज,
२२ जानेवारी २०२५

चि. सौ. तेजश्री हिस,

आशीर्वाद. तुमचं ऐकलं नाही. परक्यांसाठी हरकत घ्यायची आणि आपली बहीण तेवढी बाजूला ठेवायची, हे मला जमेना. आक्कापुढं बसून तुझी दोन्ही पत्रं वाचली. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "उत्तऱ्या, त्या खोलीत मी पाच ताटं मांडू कुठं?" हरकतीच्या अर्जावर पहिला अंगठा तिचा.

समितीच्या बैठकीत उभा राहिलो. म्हणालो, "पाहणीत चूक हाय, आन ती माझी हाय." एक जण म्हणाला, मिस्त्री, तुम्ही तर इंचाचा माणूस. मी ऐकून घेतलं. अध्यक्ष वनमालाबाईंनी दोन तास सगळ्यांना बोलू दिलं. ठरलं असं, की खरोखर एकट्या असलेल्या सातांना खोल्या आत्ताच द्यायच्या. खालच्या उरलेल्या पाच धारूर रस्त्याकडच्या निराधार म्हाताऱ्यांना. कुटुंबांची चोवीस घरं मात्र तोडीवाले परतल्यावर, मे महिन्यात नव्यानं मोजून चिठ्ठीनं.

वस्तीतल्या रुकसानाबींचं कुटुंब वरच्या मजल्यांच्या यादीत होतं. माझ्यामुळं त्यांचं घर चिठ्ठीवर गेलं. त्या माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे.

मामा


केज,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. तेजश्री हिस,

आशीर्वाद. पोहोचल्याचं कळलं. चिठ्ठीत अगदी वरचा मजला निघाला तेव्हा तू आक्काच्या गुडघ्यासाठी रडलीस, म्हणून कळवतो. चौतीस पायऱ्या ती दोनदा टेकून चढते. भिंतीला दोन फूट आठ इंचावर कठडा बसवून घेतलाय, तिच्या हाताच्या उंचीचा. रुकसानाबी समोरच राहतात. आक्काशी बोलतात, माझ्याशी अजून नाही. सुनिताचं नाव निघालं नव्हतं. पुढच्या इमारतीच्या यादीत ते पहिलं आहे, मी माझ्या डोळ्यांनी वाचून आलो. तिला सांग.

काल वर्षाची फेरतपासणी होती. फॉर्म या खेपेला मी आखून दिलाय. हजर, तोडीला गेलेले आणि एकूण, असे तीन रकाने. आक्कानं वरून मला येताना बघितलं असावं. दार उघडं होतं आणि पाची ताटं फरशीवर ओळीनं मांडलेली, छोटं शेवटी. ती चुलीपाशी पाठ करून बसली होती.

मी लिहिलं, हजर एक, तोडीला चार, एकूण पाच. तिला वाचून दाखवलं. मग तिनं युवराजच्या ताटात मला भाकरी वाढली. जेवण झाल्यावर ताट घासलं, पुसलं आणि पुन्हा फळीवर पालथं घातलं.

जीव लावता तेवढा लावत राहा. कमी झाला तर मला कळतं.

तुमचा,
मामा