डांबर लावलेली नाव

भिलाई, १९५८. मंगळवार, संध्याकाळ.

पाय दुखताहेत. बोटांचं डांबर अजून जात नाही. मजुरांना शिवनाथ नदीपार न्यायला माझ्या धाकट्या भावाला, माधवला, जुनी नाव हवी. दोन पाहिल्या. एक ठिगळांची, पण आतून कोरडी. दुसरी ताज्या डांबराने काळीभोर. तळ न बघताच माधवने काळीवर नारळ फोडला! मी छत्रीचं टोक टेकवलं, तर ते लाकडात शिरलं.

"बाई, नावेले कावून टोचून राहिल्या?" विकणारा ओरडला.

"तू हिच्यात बस, मी पाण्यात ढकलते," मी म्हटलं.

बसला नाही.

"ताई, नारळ फुटला. आता सौदा मोडला तं अपशकुन होते," माधव म्हणाला.

आणि माणसं बुडाली तर? सौदा मोडून खोबरं मीच उचलून आणलं. डांबराच्या हातांनीच उद्या चटणी वाटेन. माधव ती खाईल आणि ठिगळांची नाव घेईल.