अजिनाथच्या अंगात मी

१२ जानेवारी, जामखेड

जुळलं! धाकट्या अजिनाथशी माझं उभ्या आयुष्यात काही जुळलं नाही — आणि पेशी जुळल्या, पूर्णच्या पूर्ण. त्याच्या रक्ताच्या कॅन्सरवर आता माझा उतारा. पुण्याच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, सख्ख्या भावंडांतही चारांत एखाद्याचंच असं जुळतं.

आईने लगेच हुकूम काढला. ‘आता शिव्या बंद. पेपरातलं ते वाकडं लिव्हनं बी बंद. तुझा कडूपना त्याच्या अंगात उतरंल.’ तालुक्यातले पुढारी सुटले!

२८ जानेवारी, पुणे

पेशी वाढाव्यात म्हणून मला इंजेक्शनं. हाडं ठणकतात. शिवी तोंडाशी येते, गिळतो. समोर आई, डिंकाचे लाडू घेऊन. खायचे मी, गुण त्याला.

जालीम केमोने अजिनाथची जुनी अस्थिमज्जा पार मारून टाकलीय. आजारासकट रक्ताचा कारखानाच बंद. माझ्या पेशी त्याच्या हाडांत शिरून तो नव्याने चालू करणार म्हणे. त्यांना वाट कोण दाखवतं? ‘त्यांची त्यांना सापडते,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमच्या घराण्यात कुणाला तरी सापडते — बरं वाटलं.

१ फेब्रुवारी

ऑपरेशन नाही, काही नाही. एका हातातून रक्त मशीनमध्ये, पेशी काढून घेऊन बाकीचं दुसऱ्या हातात परत. संध्याकाळी त्याला एवढीशी पिशवी लावली. काचेपलीकडून फोनवर म्हणतो, ‘दादा, आता मी बी खवचट होनार व्हय?’

२० फेब्रुवारी

रुजल्या! रोजच्या तपासणीत पांढऱ्या पेशी वाढताना दिसतायत.

९ मार्च

आधी तळहात लाल झाले. मग सगळं अंग. जुलाब थांबत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी समजावलं — माझ्या पेशींना त्याचं शरीर परकं वाटतंय, त्या हल्ला करतायत. थोडा हल्ला हवाच असतो, त्याने उरलासुरला कॅन्सर मरतो.

हा थोडा नाही.

आईला सांगितलं, अंगावर उठलंय.

२६ मार्च

डोळे पिवळे. स्टेरॉइडला दाद नाही. आज मला गाऊन-मास्क चढवून आत सोडलं. माझा हात धरून म्हणाला, ‘दादा, सांग की त्यान्ला जरा. तुझं ऐकतील.’

२७ मार्च

सांगितलं. हात जोडून.

११ एप्रिल, जामखेड

काल अजिनाथच्या अस्थी सावडल्या. आज राहिलेला रिपोर्ट आला. रक्तात कॅन्सरचा मागमूस नाही. पेशी शंभर टक्के माझ्या.

आईला वाचून दाखवला — कॅन्सर नाही इथपर्यंतच.

‘मंग गेला कशानं?’

‘तापानं,’ म्हणालो.